आरोग्य-विषमतेवर संशोधन करायचंय, अनुदान कुठून आणि कसं? खान्देशातल्या संशोधकांचे नेहमीचे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या महाविद्यालयांतले प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि वैद्यकीय, नर्सिंग, समाजकार्य शाखांची मुलं हे प्रश्न वरचेवर विचारतात. योजनांच्या तारखा आणि रकमा दरवर्षी बदलतात. त्यामुळे अर्जाआधी त्या-त्या संस्थेची ताजी जाहिरात वाचाच.

आरोग्यातली विषमता म्हणजे नेमकं काय धरायचं? आजारी तर सगळेच पडतात.

पडतात, पण सारखे नाही पडत. एकाच वयाच्या दोन मुलांपैकी एकाचं वजन कमी असण्याची शक्यता केवळ ते कोणत्या पाड्यावर जन्मलं यावरून वाढत असेल आणि तो फरक टाळता येण्यासारखा असेल, तर ती विषमता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची सुमारे ३६ टक्के मुलं कमी वजनाची आढळली. नंदुरबारमध्ये हाच आकडा ५७ टक्क्यांच्या आसपास होता.

म्हणजे प्रस्तावात दोन बाजू लागतातच : कोणाचं आरोग्य, आणि कोणाच्या तुलनेत. दुसरी बाजू नसेल तर तो आजाराचा अभ्यास झाला, विषमतेचा नाही. परीक्षक पहिल्यांदा हेच शोधतात, आणि बहुतेक प्रस्ताव इथेच मागे पडतात.

‘नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासींचे आरोग्य : एक अभ्यास’ हा विषय चालेल का?

नाही. शीर्षकात ‘एक अभ्यास’ दिसलं की पुढे काय असणार ते परीक्षकाला कळतं.

जिल्ह्याच्या लोकसंख्येत २०११च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींचा वाटा ६९ टक्क्यांवर आहे. त्यात भिल्ल, पावरा, मावची, कोकणा असे अनेक समाज येतात. नवापूरचा रेल्वेस्थानकाजवळचा भाग आणि धडगावातला नर्मदाकाठचा पाडा या दोन्हींना ‘आदिवासी भाग’ म्हणून मोकळं होता येत नाही. उलट हा आतला फरक हाच उत्तम विषय आहे, कारण सरकारी सर्वेक्षण जिल्ह्यापाशी थांबतं, तालुक्याचे आकडे देत नाही. जळगावच्या बाबतीत तर हे आणखी खटकतं. चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतले सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आणि तडवी पाडे जिल्ह्याच्या सरासरीत पार बुडून जातात. केळीच्या पट्ट्याला लागून असलेल्या पाड्यावर काय चाललंय, हे जळगावचा आकडा सांगत नाही.

विषय असा बारीक करा : ‘धडगाव तालुक्यात बारमाही रस्ता असलेल्या आणि नसलेल्या पाड्यांमधल्या गरोदर बायकांची पहिल्या तिमाहीतली नोंदणी’. यात गट दोन आहेत, मोजायची गोष्ट एक आहे आणि तालुकाही एकच आहे. परीक्षकाला लगेच कळतं की तुम्ही नेमकं काय मोजणार.

पैसे देतं कोण?

तुम्ही कुठे शिकवता यावर बरंच अवलंबून आहे. कला, विज्ञान, समाजकार्य, औषधनिर्माणशास्त्र यांची बहुतेक महाविद्यालयं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे (उमवि) येतात. वैद्यकीय, नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथीची नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे. घर एक नाही, त्यामुळे दारंही वेगवेगळी.

सुरुवात विद्यापीठाच्या अंतर्गत योजनेपासून करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. उमविमध्ये शिक्षकांसाठी व्हीसीआरएमएस नावाने ओळखली जाणारी छोटी अनुदान योजना आहे. रक्कम लहान असते, पण तेवढ्यात प्रायोगिक अभ्यास होतो, नैतिकता समितीची (संशोधनात माणसांवर अन्याय होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची) सवय होते, हिशेब कसे द्यायचे ते कळतं. मोठ्या संस्थेकडे अर्ज करताना ‘या विषयावर आमच्याकडे आधीची माहिती आहे’ असं म्हणता येतं, आणि त्या वाक्याला फार किंमत असते.

मोठा पैसा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेकडे, म्हणजे आयसीएमआरकडे आहे. संशोधकाने स्वतः सुचवलेल्या विषयांसाठी त्यांच्याकडे दोन कोटींपर्यंतची छोटी आणि त्यापुढे आठ कोटींपर्यंतची मध्यम अनुदानं असतात. खान्देशातल्या महाविद्यालयाला छोटंसुद्धा पुरून उरेल. अर्ज ऑनलाइनच होतो.

विषमतेची कारणं जात, लिंग, स्थलांतर, मजुरी यांत शोधणार असाल तर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, आयसीएसएसआर, अधिक जवळची. तिथे लघु आणि बृहत् असे दोन्ही प्रकल्प असतात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडेही (टीआरटीआय) लक्ष ठेवा.

मी समाजशास्त्राची प्राध्यापक आहे. डॉक्टर नाही म्हणून आयसीएमआर दारातूनच परत पाठवेल का?

नाही. मान्यताप्राप्त संस्थेतली नियमित नोकरी आणि विषयाची जाण या गोष्टी बघतात. पण रक्त तपासणार, निदान करणार असं लिहिलंत तर सह-संशोधक म्हणून वैद्यकीय माणूस हवाच. धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुनं आहे, आणि आता जळगाव आणि नंदुरबारलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. तिथल्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागाशी, म्हणजे सगळे ज्याला पीएसएम म्हणतात त्यांच्याशी, जाहिरात यायच्या आधी बोला. शेवटच्या आठवड्यात सहीसाठी गाठलेला सह-संशोधक पुढे फोन उचलत नाही.

मी विद्यार्थी आहे. माझ्यासाठी काही?

एमबीबीएस किंवा बीडीएस करत असाल तर आयसीएमआरची एसटीएस, म्हणजे दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प. मार्गदर्शक कॉलेजातलाच लागतो. एमडी-एमएसच्या प्रबंधासाठीही त्यांची मदत असते. पीएचडीवाल्यांनी आयसीएसएसआरची पाठ्यवृत्ती, आणि आपापल्या प्रवर्गानुसार बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय किंवा केंद्राची अनुसूचित जमातींसाठीची राष्ट्रीय पाठ्यवृत्ती पाहावी. ही तुमच्या पोटापाण्याची सोय झाली. जीप, क्युव्हेट (हिमोग्लोबिनच्या यंत्रात रक्ताचा थेंब घालायच्या छोट्या पट्ट्या), सर्वेक्षकांचं मानधन त्यातून निघत नाही. म्हणून मार्गदर्शकाच्या प्रकल्पाला जोडून काम करणं परवडतं.

नमुना किती घ्यायचा? सगळे ३८४ लिहितात, आम्हीही लिहू का?

३८४ हा आकडा प्रमाण ५० टक्के धरून, पाच टक्क्यांची चूक चालवून येतो. तो कुठून आला हे न सांगता लिहिला की परीक्षक खूण करून ठेवतो.

आपल्याकडे वापरतात तो सोपा मार्ग घेऊ. कमी वजनाचं प्रमाण ५७ टक्के, चालणारी चूक ५ टक्के. ४ × ५७ × ४३ भागिले २५, म्हणजे ३९२ मुलं. पण तुम्ही मुलं सुटी-सुटी उचलणार नाही, पाडे निवडणार. एका पाड्यातली मुलं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा साधारण दुप्पट करावा लागतो : ७८४. दहा टक्के घरं हाती लागणार नाहीत असं धरलं की ८७०च्या पुढे जातो.

हे झालं नुसतं प्रमाण काढायला. दोन गटांची तुलना असेल तर गणित वेगळं. एका गटात ५७ आणि दुसऱ्यात ४५ टक्के असेल असा अंदाज असेल, तर ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो अभ्यासात दिसण्याची शक्यता) धरून दर गटात साधारण २७० मुलं लागतात, पाडे निवडणार असाल तर ५४०. फरक १२चा नसून ५चाच निघेल असं वाटत असेल, तर पाड्यांची दुप्पट धरायच्या आधीच दर गटात १५५०वर जातं. एवढी मुलं मोजायचे पैसे नसतील तर प्रश्न बदला, नमुना कापू नका.

फील्डवर्क कोणत्या महिन्यांत दाखवावं?

या प्रश्नाचं उत्तर दिल्ली-मुंबईच्या परीक्षकाला माहीत नसतं. तुम्हाला माहीत आहे, हीच तुमची जमेची बाजू.

अनुदान मंजूर होऊन पैसे हातात येईपर्यंत अनेकदा आर्थिक वर्ष निम्मं सरलेलं असतं. माणसं नेमायची, प्रशिक्षण द्यायचं, म्हणता-म्हणता दिवाळी होते. मग कागदावर सुटसुटीत दिसतं म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी असं वेळापत्रक टाकलं जातं : पाऊस नाही, ऊन नाही, रस्ते कोरडे. आणि नेमक्या त्याच महिन्यांत धडगाव, अक्कलकुवा, तळोद्यातली कितीतरी कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला गेलेली असतात. मुकादमाची उचल घेतलेली, घराला कुलूप, लहान मुलं सोबत, म्हातारी माणसं मागे. तुमचा सर्वेक्षक त्या दारावर जाऊन ‘उपलब्ध नाही’ असं लिहितो आणि पुढच्या घरी जातो. शेवटी हातात काय राहतं? ज्यांना गाव सोडावं लागलं नाही त्यांच्या मुलांची वजनं. जी मुलं मोजण्यासाठी अनुदान घेतलं, तीच गणतीतून गेली, आणि निष्कर्ष मात्र ‘परिस्थिती सुधारते आहे’ असा निघतो.

उपाय तीन, पैशांनुसार निवडा. एक : पोळा ते दसरा या काळात घरयादी करा, कोण जाणार आणि कुठे ते तेव्हाच विचारा. दोन : होळीच्या सुमाराला दुसरी फेरी ठेवा. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासींचा सणाचा बाजार) आणि होळीला बाहेर गेलेले परततात. पण सणाच्या दिवशी वजनकाटा घेऊन कोणाच्या दारात जाऊ नका, आठवडाभर जाऊ द्या. तीन : टोळ्यांच्या पडावावर जाऊन मोजा. ते खर्चिक आहे, राज्य बदलतं, परवानग्या बदलतात. पण विषमतेच्या अभ्यासात तेच सर्वांत मोलाचं.

काहीही केलंत तरी तक्त्यात ‘स्थलांतरित’ हा रकाना वेगळा ठेवा. आणि जून-जुलैत पेरणीच्या दिवसांत कोणी तासभर बसून उत्तरं देईल, ही आशा सोडा.

मुलांचं वय कसं ठरवायचं? आईला तारीख आठवत नाही.

आधी माता-बाल संरक्षण कार्ड आणि अंगणवाडीची नोंद बघा. दोन्ही नसेल तर स्थानिक घटनांचं कॅलेंडर लागतं, आणि ते प्रस्तावाला जोडलं तर छाप पडते. गेल्या पाच वर्षांचे महिने एका रांगेत, समोर त्या भागातल्या खुणा : पोळा, दिवाळी, सारंगखेड्याची यात्रा, भोंगऱ्या, होळी, सरपंचाची निवडणूक, नाल्याला मोठा पूर आला तो पावसाळा. ‘होळीच्या आधी की नंतर? त्या वर्षी निवडणूक होती का?’ असं विचारत गेलं की महिन्यापर्यंत पोहोचता येतं. वय दोन महिन्यांनी चुकलं तरी वयानुसार वजनाचा निष्कर्ष फिरतो. आणि दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून मोजायची, उभं करून नाही. हे प्रशिक्षणात दहादा सांगावं लागतं.

आमच्या कॉलेजात नैतिकता समिती नाही. मग?

दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे लेखी करार करून जाता येतं. ती समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते बघा. आयसीएमआरच्या २०१७च्या राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे समितीत किमान सात सदस्य असतात आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो. समितीच्या बैठका रोज होत नाहीत. महिना-दोन महिने हाताशी ठेवा.

आदिवासी, लहान मुलं, गरोदर स्त्रिया हे सगळे तत्त्वांनुसार असुरक्षित गटांत येतात. त्यामुळे ‘नुसती प्रश्नावली आहे, सूट द्या’ असं म्हणून सुटका होत नाही.

संमतीपत्रावर अंगठा घेतला की झालं ना?

नाही झालं. वाचता न येणाऱ्या व्यक्तीला माहिती देताना सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक निःपक्ष, साक्षर साक्षीदार हजर लागतो आणि त्याची सही लागते. तो तुमच्या टीममधला नको. मुलांच्या बाबतीत आई-वडिलांची संमती, शिवाय सात ते बारा वयात मुलाची तोंडी आणि बारा ते अठरात लेखी मान्यता.

संमतीपत्र शासकीय मराठीत लिहून पाड्यावर वाचून दाखवणं म्हणजे केवळ सोपस्कार. जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत अहिराणी, सातपुड्यात पावरी, भिलोरी, नवापूरकडे मावची बोलणारा सर्वेक्षक घ्या. पत्रक त्या बोलीत उतरवा आणि दुसऱ्याच माणसाकडून पुन्हा मराठीत करून ताडून बघा. या कामाचे पैसे अंदाजपत्रकात दाखवा.

कोणाकोणाची परवानगी लागते?

प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र, आशा यांच्याशी संबंध असेल तर जिल्हा परिषदेचे जिल्हा आरोग्य अधिकारी. जिल्हा रुग्णालय असेल तर जिल्हा शल्य चिकित्सक. अंगणवाड्या असतील तर महिला व बालविकास विभाग. आश्रमशाळा असतील तर एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय : नंदुरबार जिल्ह्यात नंदुरबार आणि तळोदा अशी दोन, धुळ्याला एक, आणि जळगाव जिल्ह्याचं यावलला.

पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या, गावात ग्रामसभेपुढे विषय मांडावा. प्रत्येक प्रश्नावलीला कायद्याने लागतंच असं नाही, पण न मांडता गेलात तर दुसऱ्या दिवशी दारं बंद होतात, आणि तो लोकांचा हक्कच आहे. ग्रामसभेचा होकार म्हणजे घरच्या माणसाची संमती मात्र नव्हे. ती वेगळी घ्यायचीच.

अंदाजपत्रकात लोक काय विसरतात?

उपकरणं आणि संगणक कोणी विसरत नाही. विसरतात ते असं.

जीप. मोलगीच्या पुढे किंवा तोरणमाळकडे एसटीच्या भरवशावर सर्वेक्षण होत नाही. गाडी, डिझेल, मुक्काम हे वेगळं धरा, आणि पायवाटेचे पाडे असतील तर दिवसाला किती घरं होतील तेही खरं लिहा. जिल्ह्याच्या गावी दिवसाला पंधरा होतात, डोंगरात पाच झाली तरी खूप.

मजुरी. कापूस वेचणीच्या दिवसांत बाईचा अर्धा दिवस तुम्ही घेता, तर त्या वेळेची भरपाई दाखवा. नैतिकता समिती ती मान्य करते. फक्त रक्कम इतकी नको की नाही म्हणणं अवघड होईल.

आशाताई. ‘आशांमार्फत माहिती गोळा करू’ हे वाक्य जवळपास प्रत्येक प्रस्तावात असतं आणि पुढे मानधनाचा रकाना कोरा. तिच्यामागे आधीच सरकारची कामं ढीगभर आहेत. पैसे दाखवा, नाहीतर तिचं नाव काढा. शिवाय रोज जिच्याशी गाठ आहे तिच्यासमोर बाई आरोग्य सेवेबद्दल वाईट बोलणार नाही, हेही ध्यानात घ्या.

ऊन. हिमोग्लोबिन मोजायच्या काही प्रचलित यंत्रांच्या क्युव्हेट ३० अंशांच्या आत ठेवायच्या असतात आणि डबी फोडल्यावर तीन महिन्यांत संपवायच्या असतात. मे महिन्यात भुसावळला पारा ४५च्या आसपास जातो. थंड पेटी घ्या.

नेटवर्क. ओडीके किंवा कोबोसारखं ऑफलाइन चालणारं ॲप वापरा, पॉवर बँक जास्त घ्या.

आणि निष्कर्ष गावात परत नेण्याचा खर्च. एक ग्रामसभा, चार मोठे तक्ते, बोलीतलं पत्रक. परीक्षकांनी हा खर्च कापलेला आम्ही फारसा पाहिलेला नाही. अर्जदारच तो लिहीत नाहीत.

तपासणीत गंभीर रुग्ण सापडला तर?

ते प्रस्तावातच लिहावं लागतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७च्या खाली निघालं तर तो तीव्र रक्तक्षय. मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषण. अशा वेळी नोंद करून पुढच्या घरी जाता येत नाही. कोणाला फोन करायचा, कोणत्या केंद्रात न्यायचं, गाडीचे पैसे कुठून, रात्र झाली तर काय, हे एका पानावर लिहा आणि त्या केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची पूर्वसंमती जोडा.

सिकलसेलवर काम करायचं आहे. वेगळं काही?

हो. सातपुड्यात हा लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार मोठा आहे आणि १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाखाली तपासण्या चालू आहेत. तेव्हा ‘आम्ही तपासणी करू’ एवढ्याने भागणार नाही. तपासणी झालेल्यांपैकी किती जणांना निकाल समजावून सांगितला गेला, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नियमित मिळतं का, वाहक (आजार नसलेल्या, पण तो मुलांकडे जाऊ शकणाऱ्या) मुलीच्या लग्नात काय अडचण येते, हे प्रश्न अजून मोकळे आहेत. सोल्युबिलिटी चाचणी ही फक्त चाळणी. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनी ठरतं. ती सोय कुठे करणार ते लिहा. नावं आणि निकाल एकाच वहीत ठेवू नका, पाडा लहान असतो. परदेशी संस्था भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते.

अर्ज नामंजूर झाला. आता?

परीक्षकांचे शेरे मिळाले तर ते घ्या आणि दोन ढीग करा : प्रश्नाबद्दलचे आणि मांडणीबद्दलचे. मांडणीचे असतील तर पुढच्या फेरीत पुन्हा टाका. प्रश्नाबद्दलचे असतील तर आधी छोट्या अनुदानावर प्रायोगिक काम करा.

अनुदान मिळालं. पहिला हप्ता संपला, दुसरा येत नाही.

बहुतेक वेळा उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, अडकलेलं असतं. स्वायत्त संस्थांसाठी ते केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-अ नमुन्यात लागतं, सोबत लेखापरीक्षित खर्चपत्रक. पैसा तुमच्या नव्हे तर संस्थेच्या खात्यात येतो, म्हणून लेखा विभागातल्या माणसाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. प्रकल्पाची खतावणी वेगळी ठेवायला सांगा. ठेवलेल्या रकमेवर व्याज मिळालं तर ते तुमचं नाही, केंद्र सरकारच्या भारतकोश पोर्टलवरून परत करावं लागतं. एका शीर्षकाखालचे पैसे दुसऱ्याखाली वळवायचे असतील तर आधी परवानगी, मग खर्च. जीपवाल्याची पावती मात्र त्याच दिवशी, गाडीतून उतरायच्या आधी घ्या.